कानातली बाई

मुठीचा आवाज आला तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी दार वाजवतंय. गोदामात वाजवण्यासारखं दारच नव्हतं. होते ते ट्रकची पाठ लावायचे उंच दरवाजे, दिवसभर सताड उघडे. तरी तिच्या मनात आधी आलं ते हेच, की कुणीतरी आलंय, उठून उघडायला हवं. मग पाय आपसूक ब्रेकवर गेला. फोर्कलिफ्टनं गचका दिला, पुढच्या लाकडी पॅलेटवरची बेसिनं खोक्यांतल्या खोक्यांत कचकचली, आणि मान वळवली तर मागे, गाडीच्या पत्र्यावर मूठ टेकवून, रॅकच्या खांबाला पाठ चिकटवून मोजणीकाका उभे. गाडी आणि खांब यांच्यामध्ये एका माणसापुरतीच जागा उरली होती आणि ती त्यांनी पुरती भरून टाकली होती. चाकाखालून काहीतरी पसरत चाललं होतं. क्षणभर तिला ते रक्तच वाटलं, काळसर, दिव्याखाली चकाकणारं. मग दिसली चपटी झालेली पाण्याची बाटली. पाणी होतं ते. नुसतं पाणी. आणि या सगळ्या वेळात तिच्या कानात हेडसेटमधली बाई बोलतच होती, तिच्या त्या इस्त्री केलेल्या आवाजात, "गल्ली सात, कप्पा बारा. तयार असाल तर तयार म्हणा." काकांचे ओठ हलत होते. ते काय म्हणतायत ते तिला ऐकू येत नव्हतं. "ऐकू आलं नाही," कानातली बाई म्हणाली. "पुन्हा सांगा."

तिनं हेडसेट ओढून काढला तेव्हा काकांचं बोलणं संपलेलं होतं. ते नुसते बघत होते. सारं आयुष्य त्यांनी या ना त्या गोदामात माल मोजण्यात घालवलं होतं, म्हणून मोजणीकाका. खालच्या कप्प्यातले कमोड मोजायला ते उकिडवे बसले होते. गाडी मागे येताना त्यांना दिसली, उठायला वेळ लागला, गुडघे धरतात, आणि मग मूठ मारण्याखेरीज काही उरलं नाही. हे सगळं त्यांनी नंतर सुपरवायझरसमोर सांगितलं, मालाचा हिशेब द्यावा तसं. तिनं मागे बघितलं नव्हतं असं नाही. मान वळवल्याचं तिला पक्कं आठवत होतं, खांद्याला तो ताण अजून जाणवत होता. पण मान वळवणं आणि दिसणं यांच्यामध्ये एक फट असते, आणि लहानपणापासून ती त्या फटीत पडत आली होती. मान वळली तेव्हा वरच्या कप्प्यातलं फाटलेलं प्लॅस्टिक फडफडत होतं. एक ट्यूब मिचमिचत होती. पलीकडच्या गल्लीत दुसरी गाडी मागे येताना पींपीं करत होती, कुणीतरी खोक्याला चिकटपट्टी मारताना ती किंचाळत होती, कानातली बाई कप्पा सांगत होती, आणि मुलीची वह्यांची पिशवी दारामागच्या खुंटीवरच राहिली हे नेमकं त्याच क्षणी लख्ख आठवलं होतं. सगळं एकाच वेळी, सारख्याच हक्कानं आत घुसलेलं. तू थांब, तू पुढे ये, असं म्हणणारं दारात कुणी नव्हतं. त्या गर्दीत एक म्हातारा माणूस खाली बसला होता, तोही दिसला असणार. बाकीच्यांइतकाच दिसला असणार. हाच तर घोटाळा होता.

सुपरवायझरची काचेची खोली गोदामाच्या मधोमध, जिन्यानं वर. तिथून सगळ्या गल्ल्या दिसतात आणि सगळ्या गल्ल्यांना ती दिसते. तो तिच्याहून लहान होता, तिला ताई म्हणायचा, आणि त्याच्या तोंडून तो शब्द आला की तिला आपल्या पाठीवर कुणी ओला हात फिरवल्यासारखं व्हायचं. "ताई," तो म्हणाला, "डोकं कुठे होतं तुमचं?" तिला हसू आलं. अगदी नको तेव्हा आलं. हा प्रश्न तिला आयुष्यात इतक्यांनी, इतक्या तऱ्हेनं विचारला होता की त्याच्याकडून काहीतरी नवं येईल अशी निदान अपेक्षा होती. आई विचारायची ते दूध उतू गेल्यावर. शाळेतल्या बाई विचारायच्या तेव्हा त्यांचं तोंड वर्गाकडे असायचं आणि सगळा वर्ग हसायच्या तयारीत असायचा. कापडाच्या दुकानाचा मालक विचारायचा ते गिऱ्हाइकासमोर, म्हणजे गिऱ्हाइकालाही कळावं की कापड चुकीचं फाडलं ते दुकानानं नव्हे, हिनं. "हसताय?" सुपरवायझर म्हणाला. "माणूस मेला असता." कोपऱ्यात खुर्चीवर काका बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्या हातांकडे बघितलं आणि तिला काकांचा राग आला. भलताच, तोंड कडू करणारा राग. ते तिथेच का बसले होते, त्याच गल्लीत, त्याच वेळी. त्यांना मरता मरता वाचायला दुसरी गाडी मिळाली नाही का? आपल्या हातून ज्याचं वाईट होता होता राहिलं त्याच्याबद्दल कणव वाटते असं लोक म्हणतात. तिला तसलं काही वाटलं नाही. तिला वाटलं, हा माणूस आता जन्मभर माझ्याकडे असाच बघणार.

आणि म्हणूनच असेल, तिनं ते सांगून टाकलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. धाकट्या बहिणीनं तर बजावलं होतं, तिथे एक अक्षर बोलू नकोस, ते लोक ऐकतात एक आणि लावतात दुसरं. पण ती बोलून गेली. "मला एडीएचडी आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. मला एका वेळी कानात एक आणि डोळ्यांसमोर दुसरं असं झेपत नाही. हेडसेट यायच्या आधी कितीतरी वर्षं मी ही गाडी चालवली, कुणाला ओरखडा नाही. गाडी चालू असताना कानात काही नको, एवढंच हवंय. थांबले की सांगू दे, चालताना नको." सुपरवायझरनं पेन खाली ठेवलं. त्याचा चेहरा मऊ झाला आणि तेवढ्यानंच तिला कळलं की चूक झाली. "म्हणजे मेंदूचं काहीतरी," तो हळूच म्हणाला, जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी झोपलंय. "मग ताई, हे आधी नको होतं सांगायला?" काका उठले. दरवाज्याशी थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तिला काय आहे ते तिचं तिला. मला तिच्या गाडीखाली यायचं नाही. हिला गाडीवरून काढा." आणि कठड्याला धरत जिना उतरून गेले.

डॉक्टरांकडे ती स्वतःसाठी गेलीच नव्हती. मुलीसाठी गेली होती. मुलगी वर्गात बाकावरून उठते, दुसऱ्यांची वाक्यं पुरी करते, स्वतःची अर्धी सोडते, असं शाळेनं कळवलं होतं. डॉक्टर बाईंनी मुलीला बाहेर चित्र काढायला बसवलं आणि सहज विचारलं, "आणि तुमचं लहानपण कसं होतं?" ती बोलायला लागली ती बाहेरच्या पेशंटनं दार ढकलेपर्यंत थांबली नाही. घरी तिला भिंगरी म्हणत. आईनंच ठेवलेलं नाव, पाहुण्यांसमोर कौतुकानं घ्यायचं आणि पाहुणे गेले की दात खाऊन. अभ्यासाला बसवताना आई ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं टेबलाच्या पायाला बांधायची. गाठ मारताना आईचा श्वास मानेवर लागायचा, कांद्याचा वास असलेला. पाढे होईपर्यंत सुटका नाही. ती पाढे म्हणत म्हणत बोटानं ओढणीची वीण उसवायची, एकेक धागा, आणि तेव्हा मात्र तिचं मन असं काही एका जागी बसायचं की आईनं हाक मारली तरी ऐकू यायचं नाही. "लक्ष नसतं असं नाही," डॉक्टर म्हणाल्या, "लक्ष सगळीकडे सारखंच असतं, नाहीतर एकीकडेच सगळं असतं. मधलं बटण नाही तुमच्याकडे." बाहेर पडल्यावर ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो संताप. इतकी वर्षं ज्याला सगळे माज म्हणत होते, आळस म्हणत होते, मुद्दाम करते म्हणत होते, त्याला चार अक्षरांचं एक साधं नाव होतं आणि ते कुणीही, कधीही सांगू शकलं असतं.

फोर्कलिफ्टवर ती बसली ती दुकान, टेलिफोनची नोकरी, शिवणाचा कारखाना, सगळीकडून हकालपट्टी झाल्यावर. आणि बसली ती बसलीच. इथे डावा हात चाकावर, उजवा दांड्यावर, पाय खाली, मान सतत फिरती. अंगाचा एकही भाग रिकामा नाही, आणि अंग असं कामाला लागलं की मन बिचारं पहिल्यांदाच मांडी घालून बसलं. ट्रक दरवाज्याला लागला की माल उतरवायला लोडर तिचीच वाट बघायचे. बेसिन असो, टाइल असो, काचेचं कपाट असो, तिच्या हातून टवका उडाला नाही. मग गोदामात नवी सिस्टिम आली आणि सिस्टिमबरोबर कानातली बाई आली. कुठल्या गल्लीत जायचं, कुठला कप्पा, किती खोकी, ती सांगणार, तुम्ही चालता चालता तेच आकडे परत म्हणून दाखवायचे. इतरांना ती आकाशवाणीसारखी होती, चालू आहे तर चालू आहे. तिला मात्र ती बाई थेट डोळ्यांच्या मागे येऊन बसल्यासारखी वाटायची. तिचा आवाज कधी चढायचा नाही, कधी दमायचा नाही. आईचा निदान दमायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं कँटीनचं दार ढकललं आणि बोलणी थांबली. ती ताट घेऊन बसली तसे दोघे जण उठले, एकानं खुर्ची सरकवण्याचं निमित्त केलं, दुसऱ्यानं तेही केलं नाही. मिशा, म्हणजे दुसरी गाडी चालवणारा, ज्याला सगळे त्याच्या मिशांवरूनच ओळखत, तिच्यासमोर बसून जेवत राहिला. "खरं का गं," त्यानं घास गिळून विचारलं, "तुला झटके येतात?" ती म्हणाली, "हो. समोर मिशीवाला दिसला की येतात." तो हसला नाही. ताट जरासं आपल्याकडे ओढून घेतलं.

मग सुरक्षेच्या मॅडम आल्या, मुख्य कचेरीतून. पांढरं हेल्मेट, नवं कोरं, त्यावरचं चिकटपट्टीचं लेबलही काढलेलं नव्हतं. सगळ्यांना कँटीनमध्ये जमवून त्यांनी भाषण केलं. आपण एक कुटुंब आहोत. आपल्यातल्या एका सहकाऱ्याला विशेष आधाराची गरज आहे. त्या ताईंचं नाव आपण घेणार नाही, कारण त्यांचा मान राखला पाहिजे. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. नाव घेतलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. नाव निदान दुसऱ्या कुणाचंही असू शकतं. ती उभी राहिली. "मॅडम, मला आधार नको. गाडी चालू असताना हेडसेट नको, एवढंच सांगितलंय मी." मॅडमनी मान तिरकी करून ऐकलं, फार समजुतीनं. "हेडसेट सिस्टिमशी जोडलेला आहे," त्या म्हणाल्या. "त्याला हात लावता येत नाही. पण आम्ही तुमच्यासाठी खूप काही करणार आहोत."

जे केलं ते असं. सगळ्यांची जाकिटं हिरवी, तिला नारिंगी दिलं, म्हणजे ती येतेय हे लांबून कळावं. आणि गाडीमागून चालायला एक माणूस दिला. लोडरच होता तो, कंबर धरल्यामुळे ओझी उचलायला चालत नव्हता, म्हणून हलक्या कामावर ठेवलेला. त्याच्या गळ्यात शिट्टी. तिचं लक्ष उडालंय असं वाटलं की त्यानं ती फुंकायची. लक्ष उडालंय हे त्याला कशावरून कळणार होतं ते कुणी त्याला सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं. तिनं वर बघितलं की तो फुंकायचा, खाजवलं की फुंकायचा, आणि कंटाळा आला की सहजच. पहिल्या शिट्टीला ती इतकी दचकली की फोर्क रॅकच्या कडेला घासले. "बघा," सुपरवायझर वरून म्हणाला. त्या दिवसापासून लोडरचं नाव शिट्टी पडलं आणि तिला नारिंगी म्हणायला लागले. ती गल्लीत शिरली की कुणीतरी हात वर करून "नारिंगी आली, पळा" म्हणायचं, आणि खरंच पळून दाखवायचं, पाय उंच उचलत. एकटे काका पळायचे नाहीत. ते हातातलं काम टाकून, गल्लीच्या तोंडाशी जाऊन, ती पार होईपर्यंत उभे राहायचे. त्यांच्या त्या उभं राहण्यापुढे इतरांचं पळणं बरं वाटायचं.

घरी आई भांडी विसळत होती आणि मुलगी जमिनीवर पोटावर पडून गणितं करत होती, एक पाय सतत हवेत हलता. "बहिणीनं सांगितलं मला," आई पाठमोरीच म्हणाली. "नोकरीवर सांगून आलीस म्हणे. शहाणीच आहेस. आमच्या वेळी नव्हते असले आजार." तिच्या डोक्यात अजून शिट्टी वाजत होती, खरी नव्हे, तिच्या येण्याची वाट बघणं वाजत होतं. दिवसभर मानेचे स्नायू त्या आवाजासाठी ताणून धरलेले असायचे आणि घरी आले तरी सुटायचे नाहीत. "आणि हिला पण तेच," आई पुढे म्हणाली. "दुपारपासून एक पान झालेलं नाही. मी म्हटलं, तुझ्या आईला बांधून बसवायची तशी बसवीन." मुलीचा पाय हवेतच थांबला. "हिला बांधायचं नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. आईनं नळ बंद केला. "बांधलं म्हणून दोन अक्षरं शिकलीस." "बांधलं म्हणून मी ओढण्या उसवायला शिकले. ते फार चांगलं येतं मला. हिला हात लावलास तर बघ." आई वळली. तिच्या ओल्या हातांतून पाणी गळत होतं आणि चेहऱ्यावर राग होता, पण रागाखाली काहीतरी गोंधळलेलं, दमलेलं. दोन मुली, बाहेरची कामं, नवरा कधी घरी कधी नाही, आणि त्यात एक पोर जी क्षणभर ठरत नाही. आईकडे एक ओढणी होती. तिनं ती वापरली. हे तिला समजत होतं. समजल्यानं राग कमी झाला नाही, उलट त्याला ठेवायला जागा उरली नाही. मुलीनं विचारलं, "आई, तुला खरंच बांधायचे?" ती म्हणाली, "गणित कर." मग तिच्याशेजारी जमिनीवर आडवी झाली आणि दोघींनी मिळून ते पान संपवलं, मध्येच उठून, मध्येच भलतंच बोलून, पण संपवलं.

माल सुटायच्या गर्दीचा दिवस होता तो. दरवाज्यांना ट्रक लागलेले, ड्रायव्हर खाली उतरून घड्याळं बघणारे, कुणीतरी रेडिओ लावलेला. ती मधल्या मोठ्या वाटेनं टाइल्सचं पॅलेट घेऊन निघाली होती. कानातली बाई म्हणाली, "गल्ली तीन, कप्पा नऊ." तिनं आकडे परत म्हटले. "ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा." तिनं पुन्हा सांगितलं. मागून शिट्टी वाजली. का, ते देवाला ठाऊक. समोरून मिशाची गाडी येत होती, तिचा पिवळा दिवा गरगरत होता, आणि उजवीकडे गल्लीच्या तोंडाशी काका खाली वाकत होते, की उठत होते? वाकत होते की उठत होते हे तिला ठरवता येईना. दिसत होतं सगळं, लख्ख, एकाच अंतरावर: दिवा, काकांची पाठ, रेडिओवरची बाई, कानातली बाई, टाइल्सवरच्या दोरीची सुटलेली गाठ. "पुन्हा सांगा," कानातली म्हणाली. शिट्टी वाजली. आणि तिला अगदी स्वच्छ कळलं की आता माणूस मरणार. आज नाही तर उद्या, हे नाहीत तर दुसरे, आणि मारणारी ती असेल, आणि सगळे म्हणतील आम्ही तिच्यासाठी किती केलं. तिनं ब्रेक दाबला. पॅलेट जमिनीवर टेकवलं. किल्ली फिरवून काढली आणि मुठीत धरली. हेडसेट काढून मांडीवर ठेवला. मांडीवरूनही बाई बारीक आवाजात बोलत राहिली.

मधली वाट बंद झाली. मिशाची गाडी समोर येऊन अडली, तिच्यामागे हातगाड्या अडल्या, ट्रकवाले ओरडायला लागले. सुपरवायझर जिन्यावरून जवळजवळ घसरतच आला. सुरक्षेच्या मॅडम त्या दिवशी पाहणीला आलेल्या, त्याही मागोमाग. "ताई, गाडी बाजूला घ्या."

"नाही घेत."

"बरं वाटत नाहीये का?"

"छान वाटतंय. कानात ही आणि मागे हा असताना मी गाडी हलवणार नाही. माणूस मरेल."

"किल्ली द्या इकडे."

तिनं मूठ आणखी आवळली. किल्लीचे दाते तळव्यात रुतले. कुणीतरी गर्दीतून म्हणालं, ओढून काढा ना खाली, नाटकं नुसती. दुसरं कुणी हसलं. शिट्टीवाल्यानं सवयीनं शिट्टी तोंडात धरली होती. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, पण ही पद्धत नव्हे." सुपरवायझरनं गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिच्या मनगटाला हात घातला. त्याचा हात गरम होता. तिला वाटलं, चावावं. खरंच चावावं, हाड लागेपर्यंत.

"हात काढ तिच्यावरून." काका होते. ते गर्दी बाजूला सारत आले नाहीत. लोकच बाजूला झाले, कारण या दोघांचं काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं आणि बघायचं होतं. सुपरवायझरनं हात काढला. "काका, तुम्हीच म्हणाला होतात ना, हिला गाडीवरून काढा म्हणून. बघा आता."

"म्हणालो होतो. आजही म्हणतो." काकांचा आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही काढलं नाहीत. का नाही काढलं? हिच्याइतका माल दुसरं कुणी उतरवत नाही म्हणून. मग ठेवलीत, तर तिनं मागितलं काय, कानातलं बंद करा. ते सोडून तुम्ही तिच्यामागे शिट्टी लावलीत. मी रोज याच गल्लीत खाली बसतो. माझ्या पाठीमागून ही गाडी जाते. आधी चालवणारीच्या कानात एक बडबड होती, आता मागे दुसरी. मला मारायचंच ठरवलंय का तुम्ही?"

"काका, सिस्टिम—"

"सिस्टिम खाली बसत नाही कमोड मोजायला. मी बसतो. काढायचं असेल तर काढा. ठेवायचं असेल तर धड ठेवा." मग मॅडमकडे वळून, "आणि तो शिट्टीवाला. ती फुंकली की माझंच काळीज हलतं. मला तर काही झालेलं नाही ना?"

मिशानं आपली गाडी बंद केली. पुढे वाटच नव्हती, म्हणून केली असेल, पण इंजिन थांबल्यावर त्यानं हेडसेटही काढून गळ्यात टाकला आणि कपाळ चोळत म्हणाला, "डोकं तर माझंही उठतं यानं. बोललो नाही इतकंच." मॅडमनी ते लगेच टिपून घेतलं. एकाला हवं असतं तेव्हा तो त्रास असतो आणि दोघांना हवं असलं की तो मुद्दा होतो, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि हसू आलं नाही.

सिस्टिमला हात लागला. लागतो म्हणजे. गाड्यांवर छोटे पडदे बसले. गाडी थांबलेली असताना पुढचं एकच काम त्यावर उमटतं, चाक फिरलं की पडदा काळा. ज्यांना कानात बाई हवी त्यांनी ठेवली, बऱ्याच जणांनी नको म्हटलं. मिचमिचणारी ट्यूब बदलली. शिट्टी गेली आणि शिट्टीवाला दरवाज्याशी खुर्चीवर बसून ट्रक सोडायला लागला. नारिंगी जाकीट परत घेताना कुणी काही म्हटलं नाही. पण सुपरवायझरनं तिला दरवाज्यांवरून काढून मागच्या गल्ल्यांत टाकलं, जिथे लोडर तिची वाट बघत नाहीत आणि ट्रकही दिसत नाहीत. "तुमच्याच सोयीसाठी, ताई," तो म्हणाला. तिनं मान हलवली. मागच्या गल्ल्यांत शांत होतं, खोटं कशाला बोलायचं. तरी दरवाज्यांकडून ट्रकचा आवाज आला की तिचे हात दांड्यावर आपोआप घट्ट व्हायचे.

मॅडमनी जाता जाता आणखी एक नियम करून ठेवला. गाडीच्या वाटेत कुणी पायी आलं, की गाडीवाल्यानं गाडी थांबवायची, दोन्ही हात चाकावरून काढून वर दाखवायचे, आणि मग दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. बघितलं की मान हलवायची. त्याशिवाय कुणी हलायचं नाही. इतर लोक हे उरकतात. हात अर्धे वर, नजर भलतीकडे, चला. काका उरकत नाहीत. मागच्या गल्ल्यांतही माल मोजायचाच असतो, आणि ते मोजायला येतात. आजही आले. तिनं गाडी थांबवली, फोर्क जमिनीवर टेकवले, दोन्ही हात वर केले. काका गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. माफी नव्हती त्या नजरेत, मैत्री तर नव्हतीच. आपल्या जिवावर उठलेल्या माणसाकडे बघावं तसं, टक लावून, सगळं तपासत ते बघत होते. तिला नजर काढून घ्यावीशी वाटली. वर कुठेतरी प्लॅस्टिक फडफडत असेल, तिकडे बघावंसं वाटलं. तिनं बघितलं नाही. त्यांच्या डाव्या डोळ्यात बारीक लाल शीर होती, पापणीचे केस पांढरे झाले होते, आणि तो सगळा चेहरा, प्रत्येक सुरकुतीसकट, तिला एकटा दिसत होता. बाकी काहीच दिसत नव्हतं. काकांनी मान हलवली. तिनंही हलवली. ते तिच्यासमोरून, सावकाश, गुडघे सांभाळत पलीकडे गेले, आणि ते पूर्ण पलीकडे जाईपर्यंत तिनं हात खाली घेतले नाहीत.